ठणका थांबला, पण पाय वाचला का?

पायाच्या रोहिण्या फार अरुंद झाल्या की रुग्णाला निजल्या जागीही ठणका लागतो, जखमा भरत नाहीत आणि अखेर पाय कापण्याची पाळी येते. फुगा घालून रोहिणी रुंद करणे किंवा रक्ताला दुसरी वाट जोडून देणे शक्य नसले, तर मेरुरज्जूच्या विद्युत् उद्दीपनाचा उपाय सुचवतात. त्याच्या वर्णनांत 'वेदना शमतात आणि पाय वाचतो' असे एका दमात म्हटलेले आढळते. आमचा आक्षेप त्या 'आणि'ला आहे.

मेरुरज्जूच्या आवरणाबाहेर एक बारीक तार सरकवतात व तिला जोडलेले स्पंद निर्माण करणारे यंत्र त्वचेखाली बसवतात. दुखऱ्या भागात झिणझिण्या जाणवू लागल्या की तार जागी बसली असे समजतात. यामागची कल्पना मेल्झॅक व वॉल यांची. जाड चेतातंतूंतून येणारे संदेश वेदनेचे 'दार' लोटून घेतात, असे त्यांनी 1965 मध्ये मांडले. 1967 मध्ये शीली यांनी पहिले यंत्र बसवले, तेही वेदनेसाठीच. 1976 मध्ये कुक व सहकाऱ्यांनी ते हातापायांच्या रक्तवाहिन्यांच्या विकारात वापरल्याचे प्रसिद्ध केले. उद्दीपनाने सूक्ष्म वाहिन्या रुंदावतात, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. मोठ्या रोहिणीतला अडथळा मात्र तसाच राहतो!

मग पाय वाचला तो यंत्रामुळे, हे ठरवायचे कसे? नेदरलँड्समध्ये 120 रुग्णांची यदृच्छेने दोन गटांत वाटणी केली. एका गटाला औषधे व यंत्र, दुसऱ्याला केवळ औषधे. 1999 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : यंत्राच्या गटात 25 मोठे अंगच्छेद, दुसऱ्यात 29. शिक्षकांनी वर्गात एक नाणे 60 वेळा, पुन्हा 60 वेळा उडवून छापे मोजावेत. चाराचा फरक किती सहज पडतो ते मुलांना दिसेल. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की वेदना दोन्ही गटांत कमी झाल्या. तुलनेचा गट नसता तर सारे श्रेय यंत्राच्या पदरात पडले असते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॉक्रेन समीक्षेने सहा अभ्यासांतील सुमारे 450 रुग्ण एकत्र मोजले, तेव्हा वर्षभरात शंभरामागे साधारण 11 अंगच्छेद कमी भरले. हा आकडा लहान नाही. परंतु सहांपैकी एका अभ्यासात वाटणी यदृच्छेने झालेली नव्हती. शिवाय झिणझिण्यांमुळे यंत्र कोणाला बसवले आहे हे रुग्णाला कळतेच, डॉक्टरांनाही ठाऊक असते. पाय कापावा की थोडे थांबावे हा निर्णय माणसे घेतात. यंत्र बसवलेल्या रुग्णाच्या बाबतीत 'आणखी थोडे पाहू' असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि तेवढ्यानेही आकडे हलू शकतात. तार सरकणे, जंतुसंसर्ग, पुन्हा शस्त्रक्रिया ही किंमत वेगळीच. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2008 मध्ये चेताजन्य वेदनांसाठी या उपायाची शिफारस केली. रक्तपुरवठ्याअभावी होणाऱ्या वेदनांसाठी मात्र तो संशोधनापुरताच ठेवला. आम्हांला हा भेद योग्य वाटतो.

आता झिणझिण्या न आणणारे, उच्च वारंवारतेचे उद्दीपन उपलब्ध आहे. त्यामुळे यंत्र सर्वांना बसवून निम्म्यांचे बंद ठेवण्याची चाचणी तत्त्वतः करता येईल. मात्र ज्याचा पाय जाण्याच्या बेतात आहे, त्याच्या पाठीत बंद यंत्र बसवावे काय, हा प्रश्न नाणे उडवून सुटणारा नाही.