लिनक्स कर्नलमधील किरकोळ सुधारणा : लाभ आणि भार

१९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स ह्यांनी आरंभिलेल्या लिनक्स कर्नलमध्ये मोठ्या रचनांबरोबर अगदी किरकोळ बदलही सतत दाखल होत असतात. कोठे ओळींची मांडणी सारखी केली जाते, कोठे न वापरलेले व्हेरिएबल काढले जाते. अशा बदलाने वर्तनात फरक पडत नाही. मग तो स्वीकारण्यात हानी ती काय, असा युक्तिवाद सहज केला जातो. परंतु हा युक्तिवाद बदलाचे मोल त्या क्षणापुरतेच मोजतो. कर्नल ही वर्षानुवर्षे सांभाळावयाची वस्तू आहे.

पहिला भार जुन्या आवृत्त्यांवर पडतो. केवळ मोकळ्या जागा वा शुद्धलेखन सुधारणारे बदल स्थिर शाखांत घेऊ नयेत, असा कर्नलचा लिखित नियम आहे. त्यामुळे मुख्य शाखेतील ओळी बदलतात, स्थिर शाखेतील तशाच राहतात. पुढे त्याच जागी सुरक्षेचा दोष आढळला, की मुख्य शाखेसाठी रचलेला पॅच जुन्या शाखेवर सरळ बसत नाही. तो हाताने जुळवावा लागतो, आणि ह्या जुळवणीतच नवी चूक शिरण्याचा संभव असतो. दुसरा भार इतिहासाचा होय. एखादी ओळ कोणी लिहिली हे गिटला विचारले असता नाव येते ते मांडणी बदलणाऱ्याचे. मूळ हेतू त्याखाली झाकला जातो. २०१९ साली गिटच्या २.२३ आवृत्तीत असे बदल वगळून पाहण्याची सोय झाली. तथापि काय वगळावे, हे कोणीतरी ठरवून द्यावेच लागते. शिवाय जुन्या ड्रायव्हरचे यंत्र परीक्षकापाशी नसले, तर बदल कंपाइल होतो, एवढीच त्याची खात्री पटते.

एवढ्यावरून साफसफाई सर्वस्वी त्याज्य ठरविणे मात्र एकांगी होईल. 'स्ट्रलकॉपी' ह्या फंक्शनचे उदाहरण पाहावे. मूळ अक्षरमालेची लांबी परत करावयाची म्हणून ते ती शेवटपर्यंत वाचीत असे. अंतखूण नसल्यास वाचन मर्यादेबाहेर जाई. २०१५ साली 'स्ट्रएसकॉपी' हा पर्याय आला. प्रत्येक ठिकाणचा बदल लहान होता, पण दोन्ही फंक्शने परत करीत असलेली मूल्ये भिन्न असल्याने तो डोळे मिटून करण्याजोगा नव्हता. २०२४ मधील ६.८ आवृत्तीत जुने फंक्शनच काढून टाकण्यात आले. जुना प्रघात उरला असता, तर नवे लेखक त्याचेच अनुकरण करीत राहिले असते.

तेव्हा बदलाचा लहानपणा ही कसोटी नव्हे. ज्या साफसफाईने चुकीचा एक प्रकारच समूळ नाहीसा होतो व पुन्हा उद्भवत नाही, तिच्यासाठी वरील भार सोसणे योग्य होय. केवळ अभिरुचीची साफसफाई त्या भागात अन्य कारणाने काम निघेपर्यंत थांबू शकते. नवशिक्यांच्या सरावासाठी 'स्टेजिंग' हा स्वतंत्र विभाग आहेच; तेथे अपक्व ड्रायव्हर सुधारणे हेच मुख्य काम असते. अन्यत्र, बदल सुचविणाऱ्याचा वेळ थोडा गेला म्हणून तो स्वस्त ठरत नाही. त्याची किंमत पुढे दुसऱ्यालाच भरावी लागते.