‘स्लूथ’ : खेळ गेला, वैर उरले

अँथनी शॅफरच्या ‘स्लूथ’ या १९७० च्या नाटकावर २००७ साली केनेथ ब्रानाने पुन्हा चित्रपट काढला, आणि रसिकांत दोन तट पडले. एका पक्षाला हॅरॉल्ड पिंटरचे तुटक, धारदार संवाद भावले. दुसऱ्याला १९७२ च्या चित्रपटातली मौज हरवल्याचे दुःख झाले. माझे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते. पण प्रश्न केवळ मौजेचा नाही. मूळचा वाईक हा रहस्यकथालेखक. खेळण्यांनी भरलेल्या त्याच्या वाड्यात कुलीनतेचा माज खेळाचा मुखवटा घालून वावरतो. नव्या घरात काच, पोलाद आणि टेहळणीचे कॅमेरे! पूर्वीचा टिंडल, मायकेल केन, येथे वाईक होतो आणि भूमिका चोख वठवतो. परंतु ज्याला खेळाची गोडीच नाही, तो डाव हरला काय नि जिंकला काय?