खालीची मात्रा

"अरे, पण पुढं काय होतं?" आत्यानं पहिल्या दहा मिनिटांत तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी जरा वैतागूनच म्हणालो, "पुढचं सोड गं, आत्ता काय चाललंय ते बघ ना."

"आत्ता काहीच चाललेलं नाहीये," असं म्हणून तिनं दाण्यांची बशी जवळ ओढली.

सदाशिव पेठेतली आमची बाहेरची खोली. भिंतीवर पांढरी चादर, मित्राकडून मागून आणलेला प्रोजेक्टर आणि गीतांजली राव यांचा 'बॉम्बे रोझ'. प्रेक्षक सात. शेजारचे काका 'कार्टून आहे' एवढंच ऐकून सहा वर्षांच्या नातीला घेऊन आले होते. वीस मिनिटांत नात झोपली, ते बरंच झालं. कारण हा सिनेमा मोठ्यांचा आहे. बालविवाहातून निसटून मुंबईला आलेली कमला दिवसा गजरे विकते, रात्री बारमध्ये नाचते. काश्मीरमधून आलेला पोरका सलीम कबरींवरची फुलं उचलून सिग्नलला विकतो. कमलाची धाकटी बहीण तारा, घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा, ताराला इंग्रजी शिकवणाऱ्या एकेकाळच्या सिनेनटी डिसूझाबाई. एवढ्या माणसांच्या हातांतून एक लाल गुलाब फिरत राहतो.

माझी आत्या म्हणजे सवाईची जुनी श्रोती. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला तो महोत्सव रमणबागेत रात्र-रात्र चालायचा, तेव्हा सतरंजी, थर्मास आणि स्वेटर घेऊन बसणाऱ्यांपैकी ती एक. विलंबित एकतालाचं एक आवर्तन पाऊण-एक मिनिट चालतं. गवई एका स्वरावर टेकतो, सोडतो, पुन्हा टेकतो. तिथं आत्यानं शेजारणीला 'पुढं काय होतं' असं कधी विचारलं असेल? उलट कुणी घाई केली की तिचाच चेहरा आंबट होतो. मग हीच बाई चित्रांच्या विलंबित लयीपुढं दहा मिनिटांत का कासावीस व्हावी?

हा प्रश्न एकट्या आत्याचा नाही. पुण्यात सिनेमा बघायला शिकवण्याची मोठी परंपरा आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरचं फिल्म संग्रहालय, प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारातली फिल्म इन्स्टिट्यूट, सतीश बहादूर आणि पी. के. नायर यांनी वाढवलेली रसास्वादाची शिबिरं. या शहरात ओझू आणि तारकोव्हस्की यांच्यासाठी लोक रांगा लावतात आणि बाहेर येऊन चहाच्या टपरीवर तासभर त्या संथपणाचं कौतुक करतात. त्याच लोकांना हातानं रंगवलेली माणसं संथ चालताना दिसली, की ते घड्याळ बघतात. हे मी अनेकदा पाहिलं आहे. एकदा तर मीही बघितलं आहे, घड्याळ.

माझा अंदाज असा. छायाचित्रातला सिनेमा थांबतो तेव्हा काय बघायचं हे आपल्याला ठाऊक असतं. चेहऱ्यावरची सुरकुती, खिडकीतला वारा, नटाचा श्वास. चित्र थांबलं की मात्र आपल्याला वाटतं, काम थांबलं. प्रत्यक्षात असतं बरोबर उलटं. कॅमेऱ्यासमोर झाड स्थिर असेल तर ते फुकट स्थिर असतं. हातानं काढलेल्या सिनेमात झाडाचं स्थिर असणंसुद्धा कुणीतरी बसून काढावं लागतं. एका सेकंदाला २४ चौकटी. एक चित्र दोन चौकटींवर धरलं, तरी सेकंदाला १२ चित्रं. (एकतालाच्याही मात्रा बाराच, हा निव्वळ योगायोग, पण मला आवडलेला.) दीड तासाच्या सिनेमाचा हिशेब या दरानं ६५ हजार चित्रांच्या आसपास जातो. 'बॉम्बे रोझ' मुंबईच्या पेपरबोट स्टुडिओत साठेक चित्रकारांनी दीड वर्ष खपून चौकट-चौकट रंगवला. संगणकावर रंगवला हे खरं, पण कुंचला हातातच होता. म्हणून त्यात एकही रेघ पूर्ण गप्प बसत नाही. उभ्या माणसाच्या कडा थरथरतात, भिंतीचा रंग श्वास घेतल्यासारखा किंचित हलतो. प्रत्येक चित्र नव्यानं रंगवलं, की मागच्याशी केसभर चुकतंच. ती केसभर चूकच पडद्यावर जिवंतपणा होऊन येते. तंबोऱ्याची जवारी लावताना तार आणि घोडीच्या मधे सुताचा धागा सरकवतात आणि सूर एकदम उमलतो, तसंच काहीसं.

गीतांजली राव यांचा हात इथवर एकदम आलेला नाही. जे. जे.मध्ये उपयोजित कला, मग राम मोहन यांच्या स्टुडिओत उमेदवारी, मधेच रंगभूमी. २००६ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात त्यांच्या 'प्रिंटेड रेनबो'नं तीन पुरस्कार घेतले. पंधरा मिनिटांचा, एकही संवाद नसलेला सिनेमा. राखाडी शहरातली एक एकटी म्हातारी, तिचं मांजर आणि काडेपेट्यांवरच्या रंगीत चित्रांमध्ये शिरून तिनं केलेले प्रवास. तो त्यांनी जवळजवळ एकहाती रंगवला होता. पुढं २०१४ मध्ये 'ट्रू लव्ह स्टोरी' हा लघुपट आला, त्यातूनच 'बॉम्बे रोझ' फुटला. २०१९ मध्ये व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात याच सिनेमानं झाली आणि मार्च २०२१ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला, म्हणजे नेमका घराघरातल्या छोट्या पडद्यावर. माझ्या मते तिथंच त्याचं निम्मं नुकसान झालं.

कारण या सिनेमाची चौकट भरलेली आहे. रस्त्यावरचं कुठलंही दृश्य घ्या. पुढं फुलं, मागं वाहनं, कडेला माणसांची ये-जा, वर तारा, खिडक्या, वाळत घातलेले कपडे. आपल्या लघुचित्रांत एकाच कागदावर अंगण, गच्ची आणि बाग एकदम दिसतात, कुठंही एक मधला बिंदू नसतो, नजर आपली आपण फिरते. राव यांनी लघुचित्रं नुसती कमलाच्या स्वप्नांपुरती उसनी आणलेली नाहीत. स्वप्नांत राजकन्या, घोडे, महाल येतात ते ठीक. ते कुणालाही दिसतं. पण खरी लघुचित्रं तर त्यांच्या मुंबईच्या रस्त्यांत आहेत. कॅमेरा तिथं घाई करत नाही, कारण नजरेला पूर्ण कागदभर हिंडायला वेळ हवा असतो. म्हणजे ही संथ गती गोष्टीची नाहीच, बघण्याची आहे. मोबाइलवर ती चौकट तळहाताएवढी होते, नजरेला हिंडायला जागाच उरत नाही आणि मग उरते ती केवळ 'हळू चाललेली गोष्ट'.

माझा भाचा त्याच्याही पुढं गेला होता. त्यानं हा सिनेमा आधी एकदा दीडपट वेगानं बघून संपवला होता. "मामा, कळतं सगळं," म्हणाला. संगीतात दीडपटीला आडी लय म्हणतात आणि ती साधायला जन्म जातो, हे मी त्याला सांगितलं. पण ते सोडा. मी त्याला तोच एक तुकडा दोन्ही वेगांत दाखवला. दीडपटीत कडांचा तो हळुवार थरथराट एकदम चिडचिडा होतो, ट्यूबलाइट लुकलुकावी तसा. गोष्ट कळते, यात वाद नाही. रेघेचा श्वास तेवढा धाप होतो. खरं तर वेळेशी असं खेळणं आपल्या सिनेमाला नवीन नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून काही क्षणांत दाखवली होती. पण तिथं निसर्गाचा वेळ आवळला होता. इथं माणसाच्या हाताचा वेळ आवळला जातो.

जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांनी २००२ मध्ये अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांना थांबण्याचं मोल टाळ्या वाजवून सांगितलं होतं. दोन टाळ्यांच्या मधे जी पोकळी राहते तिला जपानीत 'मा' म्हणतात, आणि ती ठेवली नाही तर सिनेमा म्हणजे नुसती धावपळ होते, असं त्यांचं म्हणणं. ईबर्ट यांना हे फार नवं वाटलं. पुण्यातल्या कुठल्याही तबल्याच्या क्लासमधल्या दहा वर्षांच्या मुलाला ते वाटणार नाही. टाळी आणि खाली! एकतालात तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर खाली. हात वाजत नाही, फक्त हवेत उलटा होतो, पण ती मात्रा मोजलेली असते. रिकामी असते आणि मोजलेलीही.

'बॉम्बे रोझ'मधली मला सर्वांत प्रिय असलेली जागा अशीच खालीची आहे. डिसूझाबाई फुलं घेऊन घराबाहेर पडतात आणि आपल्या अँथनीच्या कबरीकडं चालू लागतात. बस्स, एवढंच. म्हातारं, जपून टाकलेलं पाऊल. चालता चालता भोवतालच्या शहराचा रंग ओसरू लागतो. आजचा गलबला विरतो आणि खालून जुनी, कृष्णधवल मुंबई वर येते, त्यांच्या तारुण्यातल्या सिनेमासारखी. इथं एखादा दिग्दर्शक सरळ 'फ्लॅशबॅक' टाकून मोकळा झाला असता. राव तसं करत नाहीत. बाई चालत राहतात, त्याच वयाच्या, त्याच चालीनं. बदलतो तो रस्ता. भूतकाळात बाई जात नाहीत, भूतकाळच त्यांना वाट करून देतो. हे घडायला जितका वेळ लागायला हवा तितका लागतो. एक पाऊलही कमी केलं असतं, तर नुसती रंगांची करामत उरली असती. बार, गुंड, सलीमचा लाडका नट राजा खान आणि त्याची मारामारी हे सगळं आधी आपटून गेलेलं असतं, म्हणून तर ही न वाजलेली मात्रा ऐकू येते.

सिनेमात उणं नाही असं मुळीच नाही. माणसांची चाल अनेकदा तरंगल्यासारखी वाटते, पायांना वजन नसतं. काका म्हणाले, "हे अडखळतंय का हो?" ते चूक नव्हते. गोष्टींचे धागेही जरा जास्तच झालेत, आणि शेवटाकडं सिनेमा ज्या हिंदी सिनेमाची गंमत करत होता त्याच्याच वळणानं धावू लागतो. मुद्दाम केलं असेल. मला ते जड गेलं. संथ आहे तिथं तो उत्तम आहे, धावतो तिथं साधारण. म्हणजे प्रेक्षकाची तक्रार आणि माझी तक्रार नेमक्या उलट्या टोकांची.

खरं तर संथ सिनेमा पुण्याला परका नाही. याच शहरात प्रभातनं १९३६ मध्ये 'संत तुकाराम' काढला आणि पुढच्या वर्षी तो व्हेनिसला गौरवला गेला. त्याचीही लय काही द्रुत नव्हती. अभंग पुरा होईपर्यंत कॅमेरा थांबायचा आणि गावोगावची माणसं त्याच्यासोबत थांबायची. पुण्यात आल्यावर प्रभातनं 'जंबूकाका' नावाचा एक छोटा चित्रांचा सिनेमाही करून पाहिला होता. ती वाट पुढं त्यांनी धरली नाही. धरली असती तर, असा एक विचार प्रभात रोडवरून जाताना मला हमखास येतो; 'संत तुकाराम'चा कॅमेरा जितका थांबायला शिकला होता, तितकं चित्रही थांबायला शिकलं असतं. पुणेकराची नजर तेव्हाच तयार झाली असती आणि आत्यानं मला तीनदा विचारलं नसतं.

तर, त्या रात्री. डिसूझाबाई चालत होत्या. बशीतल्या दाण्यांचा आवाज थांबला होता, एवढं माझ्या लक्षात आलं. मी वळून पाहिलं. चादरीवरून परतलेल्या उजेडात आत्याचा उजवा हात मांडीवर होता. बोटं हलकेच टेकत होती, मग तळवा उलटा होत होता. पडद्यावर कसलाही ताल नव्हता. तिनं तो स्वतःच धरला होता.

सिनेमा संपला. दिवा लावला तेव्हा आवडलं-नावडलं असं काही ती बोलली नाही. म्हणाली, "हातानं काढलंय म्हणालास ना सगळं? मग त्या बाईंचं ते चालणं केवढं झालं असेल रे?"

"दोन मिनिटांचं धरलं, तर चौदाशे चाळीस चित्रं."

ती थोडा वेळ गप्प बसली. "तेवढंच परत लाव."

भाच्यानं रिमोटकडं हात नेला. "आणि तू नको हात लावूस," आत्या त्याला म्हणाली. मी सिनेमा मागं नेला. आत्यानं पदरानं चष्मा पुसला. काकांची नात उठून बसली होती; डोळे चोळत तिनं विचारलं, "ही आजी कुठं चाललीय?"

"बघ ना," आत्या म्हणाली, आणि सरकून तिला शेजारी जागा करून दिली.