मुक्तिसंग्रामाचा जमाखर्च

हैदराबाद मुक्तिसंग्रामाविषयीच्या मराठी लेखनात शौर्याला जेवढा विस्तार लाभला, तेवढा पैशाच्या प्रश्नाला लाभला नाही. १९२९ च्या गश्ती निशाण ५३ अन्वये साध्या सभेसही पूर्वपरवानगी लागे. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होताच तिच्यावर बंदी आली. अशा राज्यात वर्गणीची पावती म्हणजे पोलिसांना आयता पुरावाच. गेवराई तालुका निजामाच्या बीड जिल्ह्यात, तर लगतचा शेवगाव तालुका मुंबई इलाख्यात होता. शेवगावी उघडपणे देता येणारी देणगी गेवराईत देणाऱ्यास संकटात टाकणारी होती. तेव्हा गेवराईकडील लेखी नोंदी विरळ असल्या, तर त्यावरून लोकांच्या औदासीन्याचे अनुमान काढणे सर्वथा असमर्थनीय होय.

उमरीचे प्रकरण याहून निराळे. ३० जानेवारी १९४८ रोजी तेथील हैदराबाद स्टेट बँकेतून क्रांतिकारकांनी सुमारे २० लाख रुपये हस्तगत केले. या रकमेचा चोख हिशेब ठेवला गेला, असे अभिमानाने सांगितले जाते. तथापि हा हिशेब चारित्र्याचा दाखला म्हणून पुढे केला जातो. इतिहासाचे साधन म्हणून त्याची चिकित्सा क्वचितच होते. बँकेतील पैसा निजामाचा मानावयाचा की त्याच्या प्रजेचा? जबाबदार राज्यपद्धती मागणारी चळवळ स्वतः कोणास जबाबदार होती, हे या निर्णयावर अवलंबून आहे. आणि नेमक्या याच ठिकाणी आपले इतिहासकार घाईने पुढे जातात.