तंबाखू आणि जमातीचा रकाना

किशोरवयीन मुलांच्या धूम्रपानाविषयी लिहिताना वंश किंवा जमातीनुसार तक्ते देण्याची पद्धत आहे. असा तक्ता वर्गात दाखवला, की ‘म्हणजे हे त्यांच्या रक्तातच आहे’ असा निष्कर्ष सहज निघतो. हा दोष वाचणाऱ्याचा कमी आणि मांडणीचा अधिक आहे, असे आम्हांला वाटते.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तेथे १९७०च्या दशकाच्या मध्यास बारावीतील गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांत सिगारेट ओढण्याचे प्रमाण जवळपास सारखे होते. १९९२पर्यंत कृष्णवर्णीय मुलांत ते झपाट्याने घसरले. गोऱ्या मुलांत तेवढे घसरले नाही. पंधरा-सोळा वर्षांत एखाद्या समाजाची जनुके बदलत नाहीत. बदलते ती परिस्थिती, घरची शिस्त, मित्रांची रीत. म्हणजे ‘वंश’ हे कारण नव्हे. कारण कोठे शोधायचे, याची ती खूण आहे.

आता चंद्रपूर-गडचिरोलीकडे वळू. येथली गोंड, माडिया कुटुंबे उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतात. तो विडीसाठी बाहेर जातो. गावातला मुलगा मात्र खर्रा खातो. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा खर्रा पानठेल्यावर आदिवासी-बिगरआदिवासी सर्वांनाच मिळतो. ‘तू विडी-सिगारेट ओढतोस का?’ असे विचारले, तर हा मुलगा खरेपणाने ‘नाही’ म्हणेल आणि तक्त्यात निर्व्यसनी ठरेल! २०१६-१७च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के आढळले. प्रश्नच चुकला, तर उत्तर कसे बरोबर येणार?

दुसरी त्रुटी शाळेची. २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू घेताना आढळले. पण ही पाहणी शाळेतली. शाळा सोडून मजुरीला लागलेली मुले तिच्यात नाहीत. जेथे गळती जास्त, तेथे असा आकडा अधिक अपुरा.

जमातवार आकडे नकोत, असे आमचे म्हणणे नाही. मदत कोणापर्यंत पोचली नाही, हे त्यांतूनच कळते. मात्र त्यांच्या शेजारी शिक्षण, उत्पन्न आणि दुकानाचे अंतर हेही रकाने हवेत.

शेवटचा रकाना शिक्षकांना लगेच भरता येईल. शाळेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू विकण्यास कायद्याने बंदी आहे. विद्यार्थ्यांना टेप द्यावी आणि शाळेच्या कुंपणापासून जवळच्या पानठेल्यापर्यंत मोजायला सांगावे.