हरीण दिसलं नाही, म्हणजे नक्की काय कळलं?

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरात हा प्रश्न कधी येणार नाही, पण आज आपण अमेरिकेतल्या हरणांच्या शिकाऱ्यांची एक पद्धत रिसर्च डिझाइन म्हणून तपासणार आहोत. शिकार योग्य की अयोग्य, हा आजचा वाद नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिच्यावर बंदी आहे. तिकडे प्रत्येक राज्य हंगाम आणि परवाने ठरवून देतं. आपला प्रश्न एवढाच: अनोळखी जागेत, थोड्या वेळात, सहसा न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल खात्रीनं कसं बोलायचं? तुम्ही नुकताच विषय शोधायला लागला असाल, तर तुमची अवस्था याहून फार वेगळी नाही.

आधी पार्श्वभूमी. अमेरिकेत नुसत्या राष्ट्रीय वनांचं क्षेत्र सुमारे १९ कोटी एकर आहे. यातल्या बहुतेक जमिनीवर परवाना असलेला कुणीही शिकारीला जाऊ शकतो. पण तिथं हरणं कुठं आहेत, हे कुणी सांगत नाही. म्हणून हंगामाआधी 'स्काउटिंग' करायचं. नवख्यांना दिला जाणारा सल्ला साधारण ठरलेला असतो. आधी घरी बसून समोच्च रेषांचा नकाशा आणि सॅटेलाइट फोटो बघा. दोन टेकड्यांमधली खिंड, उतारावरची सपाट माची, दाट झाडी आणि मोकळी जागा मिळते ती कड, अशा जागांवर खुणा करा. मग प्रत्यक्ष पायपीट करून मळलेल्या वाटा, लेंड्या, नरानं शिंगं घासून सोललेली झाडाची साल (याला 'रब' म्हणतात) आणि खुरांनी उकरलेली जमीन (हा 'स्क्रेप') शोधा. जिथं खुणा दाट, तिथं बसायची जागा ठरवा.

यातलं काय चांगलं आहे ते आधी सांगते, कारण ते आपण फारसं करत नाही. पहिलं म्हणजे, हे लोक जंगलात जाण्याआधी अंदाज बांधतात आणि तो नकाशावर लिहून ठेवतात. डेटा हातात आल्यावर 'मला हेच अपेक्षित होतं' म्हणायची सोय राहत नाही. दुसरं, अंदाजामागे कारण असतं. कडेला हरणं का सापडतात? कारण तिथं चारा आणि आडोसा हाकेच्या अंतरावर मिळतात. आल्डो लिओपोल्ड यांनी १९३३ च्या 'गेम मॅनेजमेंट' या पुस्तकात हा विचार नीट मांडला. ते स्वतः शिकारी होते आणि पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिसरं, वेळेची निवड. बरेच अनुभवी शिकारी हंगाम संपल्यावर, पानं फुटायच्या आधी फिरतात. तेव्हा मागच्या हंगामाचे रब अजून दिसतात, आणि माणसाच्या वासानं हरणं बिथरली तरी नुकसान होत नाही. मोजणाऱ्यामुळे मोजली जाणारी गोष्ट बदलते, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

आता त्रुटी. मला तीन दिसतात.

पहिली: खूण म्हणजे नक्की कशाची खूण? स्क्रेप दिसला की तिथं बसायचा मोह होतो. पण स्क्रेपवर कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासांत बहुतेक भेटी रात्रीच्या निघाल्या, आणि शिकार फक्त दिवसाउजेडी करता येते. म्हणजे खूण खरी, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. रबचंही तसंच. तो महिनोन्‌महिने टिकतो. हरीण इथं होतं एवढं तो सांगतो, आज आहे असं नाही. तुमचा प्रॉक्सी काय मोजतो आणि कुठल्या काळातलं मोजतो, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा.

दुसरी: हिशोब फक्त सापडलेल्या खुणांचा. नकाशावर वीस रब दिसतात. पण किती किलोमीटर चालल्यावर वीस? कुठल्या भागात फिरलाच नाहीत? माणूस सोप्या वाटेनं चालतो, त्यामुळे खुणांचा नकाशा बऱ्याचदा हरणांचा कमी आणि आपल्या चालण्याचा जास्त असतो.

तिसरी: 'काही मिळालं नाही' याचा अर्थ. समजा एखाद्या जागी हरणं आहेत, आणि एका फेरीत ताजी खूण सापडण्याची शक्यता ०.३ आहे. तीन फेऱ्या रिकाम्या गेल्या. फेऱ्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या, तर हरणं असूनही हे घडण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे सुमारे ०.३४. तीनांत एकदा तुम्ही चांगली जागा सोडून द्याल! डॅरिल मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांचा २००२ चा 'इकॉलॉजी'मधला पेपर याच अडचणीवर आहे: एकाच जागी पुन्हा पुन्हा जा, रिकाम्या फेऱ्याही लिहा, आणि 'तिथं आहे का' व 'असलं तर सापडतं का' या दोन शक्यता वेगळ्या काढा.

पण थांबा. ही टीका शिकाऱ्यावर अन्याय करणारी आहे का? थोडी आहे. त्याला जंगलातली सगळी हरणं मोजायची नाहीत. त्याला एक हवं आहे. एक चांगली जागा सापडली की त्याचं काम झालं, सोडलेल्या दहा जागांचा हिशोब नसला तरी बिघडत नाही. त्याच्या उद्देशाला त्याची पद्धत पुरेशी आहे. घोटाळा होतो तो 'एक शोधायची' पद्धत उचलून 'सगळ्यांबद्दल' बोलताना.

हे आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर घडलेलं आहे. १९६० च्या दशकात वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी पायांच्या ठशांवरून वाघ मोजायची पद्धत आणली. माग काढायला ठसे उत्तमच. पण त्यावरून देशातले सगळे वाघ मोजायचे, तर प्रत्येक वाघाचा ठसा सापडतो आणि तो ओळखता येतो, असं धरावं लागतं. उल्लास कारंथ यांच्यासारखे शास्त्रज्ञ अनेक वर्षं यावर आक्षेप घेत होते. २००४-०५ मध्ये, कागदावर वाघ असलेल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं. त्यानंतर देशपातळीवर कॅमेरा ट्रॅप आणि सॅम्पलिंगवर आधारलेली पद्धत आली. हिशोबाच्या चुकीची किंमत कधीकधी एवढी असते.

माझी किंमत लहान होती, पण चूक तीच. पहिल्या पायलट सर्व्हेत मी चितळाच्या लेंड्या जिथं दिसल्या तिथले जीपीएस पॉइंट घेतले. चौसष्ट पॉइंट, नकाशा झकास दिसत होता. गाइड सरांनी एकच विचारलं, "आणि तू चाललीस पण काही मिळालं नाही, त्या जागा कुठायत?" माझ्याकडे नव्हत्या. नीट पाहिलं तर जवळजवळ सगळे पॉइंट जीपच्या रस्त्यालगत. एक अख्खा हिवाळा गेला, आणि त्यातून प्रबंधात एक ओळही आली नाही.

त्या हिवाळ्याला मी आता स्काउटिंग म्हणते. ते वाया गेलं नाही. रस्ते कळले, लेंड्या ओळखता आल्या, कुठं पाय घसरतो ते समजलं. फक्त त्याला डेटा म्हणायचं नव्हतं.

तुमच्यासाठी एक छोटं काम. वाचनाचं असो वा फील्डचं, या आठवड्यापासून वहीत दोन रकाने जास्त आखा: 'कुठं आणि किती वेळ शोधलं' आणि 'शोधलं पण मिळालं नाही'. लिटरेचर सर्चमध्येही कुठले शब्द टाकून काही हाती लागलं नाही, ते लिहा. महिनाभरानं वही उघडून बघा. 'या विषयावर काही कामच झालेलं नाही' हे वाक्य प्रपोजलमध्ये लिहायचा अधिकार तुम्हाला आहे का, ते तो दुसरा रकाना सांगेल.