‘गजरा’ आणि सिद्धिविचार

आमच्या नाशकांत नाटकाची चर्चा निघाली कीं ती शिरवाडकर व कानेटकर ह्यांच्या संहितांपाशीं येऊन थांबते. संहिता छापलेली असते, ती कपाटांतून काढतां येते. रंगभूमीवरील प्रयोग हातीं लागत नसला तरी तो पुनःपुन्हां होतो, व अनेकांच्या आठवणी ताडून त्याचें रूप कांहींसें ठरवितां येतें. परंतु जें नाटक एकाच संध्याकाळीं, समोर प्रेक्षक नसतां, कॅमेऱ्यापुढें झालें आणि त्याच क्षणीं घरोघर दिसून संपलें, त्याचें गुणदोषविवेचन कोणत्या आधारावर करावयाचें? दूरचित्रवाणीच्या पहिल्या काळांतील नाट्याविषयीं हाच प्रश्न आम्हांस मुख्य वाटतो.

भारतांत दूरचित्रवाणीचा आरंभ दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला, व त्या आरंभींच्या मंडळींत पु. ल. देशपांडे होते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढें त्या केंद्रावर विनायक चासकर ह्यांच्या निर्मितीनें ‘गजरा’ हा कार्यक्रम होऊं लागला. लहान लहान नाटुकलीं निवेदनाच्या दोऱ्यांत ओंवावयाचीं, हें त्याचें स्वरूप. चित्रफितीची सोय झाली तरी फीत कापून जोडण्याचें काम जिकिरीचें असे. म्हणून आरंभींच्या काळांत फितीवरील प्रवेशहि बहुधा सलग, थेट प्रक्षेपण असल्याप्रमाणेंच करण्याचा प्रघात जगांत सर्वत्र होता.

हे नाटकाचे तुकडे आहेत, नाटक नव्हे, असा आक्षेप आम्हीं ऐकला आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. मुक्तक आणि प्रबंध हा भेद आपल्या साहित्यशास्त्रांत जुना आहे; आणि प्रबंधाइतकाच रस मुक्तकांतहि भरतां येतो हें सांगतांना आनंदवर्धनानें अमरूचा दाखला दिला आहे. शतकाला कोणी फुटक्या महाकाव्याचे तुकडे म्हणत नाहीं. ‘चिमणराव’ ही मालिका ह्या दोहोंच्या मध्यें बसते. पात्रें तींच, प्रसंग वेगळा. (त्या पात्रांचे जनक चिं. वि. जोशी हे पालीचे पंडित होते, ह्याचें आम्हां संस्कृतवाल्यांस थोडें कौतुक आहे.)

खरी अडचण निराळी आहे. भरतानें नाट्यशास्त्राच्या २७ व्या अध्यायांत प्रयोगाच्या यशाचें माप संहितेंत न शोधतां प्रेक्षकांत शोधलें आहे. स्मित, मोठें हास्य, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ हे उद्गार ही वाङ्मयी सिद्धि. अंगावर रोमांच येणें, आसनावरून उठणें, वस्त्र देणें ही शारीरी. ह्या दोन्ही मानुषी सिद्धि स्टुडिओंतील नटास सर्वथा अप्राप्य आहेत. येथील कालिदास कलामंदिरांत विनोदी नट वाक्य टाकतो आणि हंशा ओसरेपर्यंत थांबतो. किती थांबावें हें त्यास प्रेक्षक सांगतात. स्टुडिओंत ती जागा त्यानें अंदाजानें सोडावयाची. अधिक सोडली तर विनोद पांगळा होतो, कमी सोडली तर पुढील वाक्य घरांतील हंशांत बुडतें. भाणांतील विट आकाशाकडे पाहून, नसलेल्या माणसाचें बोलणें ऐकल्याचें दाखवितो. स्टुडिओंतील नटास हेंच करावयाचें असतें. मात्र तें ऐकल्याचें दाखवितां येत नाहीं, हें अधिक कठीण.

उलट बाजूस एक लाभहि आहे. प्रेक्षागृह मर्त्यांसाठीं ६४ हात लांब व ३२ हात रुंद असावें, त्याहून मोठें बांधूं नये, असें भरत सांगतो. कारण मोठ्या मंडपांत मुखावरील भाव अस्पष्ट होतात. दूरचित्रवाणीनें ही अडचण पार नाहींशी केली. शेवटल्या रांगेंत बसणारालाहि आतां भुंवईचें वळण दिसतें.

घातांपैकीं परकृत घात, म्हणजे प्रतिपक्षानें ओरडणें, शेण वा ढेकळें फेंकणें, हे स्टुडिओंत टळले. दैवी आणि स्वकृत घात राहिले. इंग्लंडांतील ‘आर्मचेअर थिएटर’ ह्या नाट्यमालेंत ३० नोव्हेंबर १९५८ रोजीं ‘अंडरग्राउंड’ हें नाटक थेट चालू असतां गॅरेथ जोन्स हा नट दोन प्रवेशांच्या मध्यें हृदयविकारानें मरण पावला. इतरांनीं त्याचीं वाक्यें वांटून घेऊन नाटक शेवटास नेलें. हें कठोरपणाचें वाटेल. परंतु थेट प्रयोग थांबवितां येत नाहीं, ही त्या कलेची पहिली अट होती.

आतां साधनांकडे वळूं. बी.बी.सी.नें १२ डिसेंबर १९५४ रोजीं ऑर्वेलच्या ‘१९८४’चें नाट्यरूप थेट सादर केलें व त्यावरून मोठा गदारोळ झाला. १६ डिसेंबरला तोच खेळ त्याच नटांनीं पुन्हां केला, आणि फिल्मवर उतरविला गेला तो हा दुसरा. आज आपण पाहतों ती प्रत ज्या प्रयोगानें वाद पेटला त्याची नव्हेच. हा पाठभेदाचाच प्रश्न आहे, आणि उत्तरकालीन प्रतीस मूळ समजून लिहिलेलीं परीक्षणें आम्ही त्याच साशंकतेनें वाचतों. चित्रफीत महाग, म्हणून जुना कार्यक्रम पुसून तीवरच नवा घेण्याची रीत तर बी.बी.सी.पासून दूरदर्शनपर्यंत होती. जें उरलें तें उत्तम म्हणून उरलें नाहीं. पुसावयाचें राहून गेलें म्हणून उरलें.

‘गजऱ्या’चे जे थोडे भाग आज पाहावयास मिळतात, त्यांवरून आमचें मत असें : घरगुती प्रसंगांत, दोन माणसें एका खोलींत असतां, तो उत्कृष्ट आहे. त्या वेळीं नट आवाज चढवीत नाहींत, व हंशाची जागा सोडण्यांत क्वचितच चुकतात. गर्दीचे प्रवेश मात्र रंगभूमीवरून उचलून आणल्यासारखे, मोठ्या गळ्याचे वाटतात. निवेदनाचा दोरा कधीं कधीं फुलांहून जाड होतो. नाटुकलें संपतांच त्याचा अर्थ उकलून सांगण्याची गरज नव्हती. परंतु ह्या अल्पशा अवशेषांवरून सबंध मालेचा निर्णय करणें आम्हांस धाडसाचें वाटतें. कॅमेऱ्याच्या खुणा केलेल्या टंकलिखित संहिता, कार्यक्रमपत्रकें, तत्कालीन वृत्तपत्रांतील परीक्षणें आणि त्या स्टुडिओंत प्रत्यक्ष काम केलेल्या तंत्रज्ञांच्या, दिनांक घालून घेतलेल्या जबान्या, इतकीं साधनें एकत्र आल्यावर हें परीक्षण पुन्हां लिहावें लागेल.